देवरुखजवळच्या घरातले वाय-फाय कॅमेरे : एक जोडलाच जात नाही, दुसरा अंधार पडताच बंद पडतो

आगरवाट

नमस्कार. माझे आई-वडील देवरुखजवळ आमच्या जुन्या घरात राहतात आणि मी नोकरीनिमित्त ठाण्यात असतो. घर जांभ्याचे, कौलारू आहे. पुढे पडवी, मध्ये माजघर आणि मागे परसात गोठा व विहीर अशी रचना आहे. परसात एक वाय-फाय कॅमेरा गेल्या वर्षापासून लावलेला आहे आणि आता पडवीसाठी त्याच कंपनीचा दुसरा घेतला आहे.

नव्या कॅमेऱ्याची अडचण अशी की, फोनवरचा क्यूआर कोड त्याच्यासमोर धरला की तो आवाज करून कोड वाचल्याचे सांगतो. त्यानंतर अ‍ॅपमधली टक्केवारी नव्वदीच्या पुढे जाते आणि शेवटी ‘जोडणी अयशस्वी’ असा संदेश येतो. रीसेट करून पुन्हा प्रयत्न केला तरी हेच घडते. दरम्यान इंटरनेट देणाऱ्या स्थानिक केबलचालकाने जुना राउटर काढून नवा बसवला आहे. त्याने वाय-फायचे नाव आणि पासवर्ड पूर्वीचेच ठेवले, त्यामुळे परसातला कॅमेरा आपोआप जोडला गेला.

परसातल्या कॅमेऱ्याचे दुखणे वेगळे आहे. दिवसभर तो व्यवस्थित चालतो, परंतु सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात अ‍ॅपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसू लागतो आणि सकाळी उजाडले की कोणी हात न लावता परत सुरू होतो. ज्या वेळेसाठी कॅमेरा लावला, नेमक्या त्याच वेळी तो झोपतो. अमेरिकेत असलेल्या भावालाही दोन्ही कॅमेरे पाहता यावेत आणि पुढे चित्रण घरातच एखाद्या एनव्हीआरवर (नेटवर्कवरून कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) साठवता यावे, अशी इच्छा आहे. पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहे, तेव्हा काय काय तपासावे हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मजल-दरमजल

आपल्या दोन्ही तक्रारींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही, म्हणून मी फक्त पहिलीबद्दल लिहितो. अ‍ॅपमधल्या टक्केवारीवर विसंबू नका. बहुतेक अ‍ॅपमध्ये तो आकडा केवळ घड्याळासारखा पुढे सरकत असतो. कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवर हजर होण्याची तो वाट पाहतो आणि ठरावीक वेळ संपली की अपयश जाहीर करतो. नव्वद टक्के म्हणजे काम जवळजवळ झाले, असा त्याचा अर्थ होत नाही.

जोडणीचे प्रत्यक्षात तीन टप्पे असतात : कॅमेऱ्याने क्यूआर कोड वाचणे, त्यातल्या नाव-पासवर्डाने राउटरशी जोडले जाणे आणि मग इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत पोहोचणे. पहिला टप्पा पार पडतो आहे, हे आपणच लिहिले आहे. पुढे गाडी कुठे अडते हे पाहण्यासाठी जोडणी चालू असतानाच राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. त्या यादीत कॅमेरा दिसला तर दोष इंटरनेटच्या बाजूला आहे, आणि दिसलाच नाही तर नाव, पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार यांत आहे.

माझा संशय नावावर आहे. आपला नवा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे देत असणार आणि दुसऱ्या पट्ट्याचे नाव शेवटी ‘५जी’ जोडून वेगळे ठेवलेले असण्याची शक्यता मोठी आहे. फोन जवळ असताना बहुधा ५ गिगाहर्ट्झवर जातो, अ‍ॅप तेच नाव आपोआप भरते आणि तेच क्यूआर कोडमध्ये उतरते. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते, त्यामुळे बिचारा कॅमेरा त्याला कधीच न दिसणारे नाव शोधत राहतो. कोड तयार करण्यापूर्वी अ‍ॅपमधले नाव हाताने बदलून साधे नाव लिहा.

‘फोन २.४ वर असल्याशिवाय काहीच होत नाही’ हा सल्ला सगळीकडे सापडतो, पण क्यूआर कोडच्या पद्धतीत फोन कोणत्या पट्ट्यावर आहे याने फरक पडत नाही. कोडात काय लिहिले गेले, याने पडतो. फोन जिथे नाव-पासवर्ड हवेतून प्रसारित करतो, त्या पद्धतीत मात्र तो सल्ला बरोबर आहे. तिसऱ्या प्रकारात कॅमेरा स्वतःचा हॉटस्पॉट उघडतो. तिथे मोबाइल डेटा बंद ठेवावा, कारण त्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नाही हे लक्षात येताच फोन गुपचूप डेटाकडे वळतो आणि जोडणी मध्येच तुटते.

एवढ्यानेही न झाल्यास राउटरची सुरक्षा केवळ ‘डब्ल्यूपीए३’वर आहे का ते पाहून ‘डब्ल्यूपीए२’ निवडा. वाय-फायच्या नावात देवनागरी अक्षरे किंवा इमोजी असतील, अथवा पासवर्डात अवतरणचिन्ह किंवा शेवटी मोकळी जागा असेल, तर काही कॅमेऱ्यांना ते पचत नाही. अँड्रॉइड फोनवर अ‍ॅपला ‘लोकेशन’ची आणि आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिलेली असावी.

तांब्याची_तार

मी दुसऱ्या तक्रारीबद्दल लिहितो, कारण ‘अंधार पडताच बंद’ हे लक्षण वाय-फायचे क्वचितच असते. ते बहुधा विजेचे असते. अंधार झाला की कॅमेऱ्यातले अवरक्त दिवे लागतात आणि त्याची विजेची गरज एकदम वाढते. उजाडले की दिवे विझतात, गरज कमी होते आणि कॅमेरा पुन्हा जिवंत होतो. आपण वर्णन केलेला क्रम तंतोतंत हाच आहे.

आता मला सांगा, परसातल्या कॅमेऱ्याचा अ‍ॅडॉप्टर कुठे आहे? माझा अंदाज असा की तो घरातल्या बोर्डावर असेल आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत बाजारात मिळणारी लांब, बारीक यूएसबी वायर गेली असेल. अशा वायरीत बहुधा २८ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) तांब्याची तार असते आणि तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. वायर ५ मीटर लांब असेल तर वीज जाऊन परत येण्याचा मार्ग १० मीटरचा होतो, म्हणजे एकूण रोध सुमारे २.१ ओहम. दिवसा कॅमेरा ०.३ अँपिअर घेत असेल तर ०.६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि ५ पैकी ४.४ व्होल्ट पोहोचतात. बरेच कॅमेरे तेवढ्यावर कसेबसे चालतात. रात्री दिवे लागून ०.७ अँपिअर जाऊ लागले की दीड व्होल्ट वाटेत जातात. उरलेल्या साडेतीन व्होल्टवर कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो, दिवे लावतो, परत बंद पडतो, आणि अ‍ॅपमध्ये आपल्याला फक्त ‘ऑफलाइन’ दिसते.

याची खात्री करण्यासाठी रात्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. भर दुपारी अ‍ॅपमध्ये ‘नाइट व्हिजन’ कायम चालू करा. कॅमेरा लगेच बंद पडला तर निदान झाले. उलट बाजूने तपासायचे तर एका संध्याकाळी अवरक्त दिवे बंद ठेवून पाहा. चित्र काळे दिसेल, पण कॅमेरा टिकून राहील.

अ‍ॅडॉप्टर अधिक अँपिअरचा घेतल्याने यात फारसा फरक पडणार नाही, कारण गळती वायरीत आहे. त्यापेक्षा गोठ्यापर्यंत २३० व्होल्टची वायर इलेक्ट्रिशियनकडून नीट ओढून घ्या आणि अ‍ॅडॉप्टर कॅमेऱ्याजवळच पाणी न शिरणाऱ्या पेटीत बसवा. तेवढे करणे शक्य नसेल तर २० गेजची जाड वायर वापरा. तिचा रोध मीटरला ०.०३३ ओहमच्या आसपास असल्यामुळे तेवढ्याच अंतरावर पाव व्होल्टच्या आतच गळती होते. पेटीत वायर खालच्या बाजूने शिरली पाहिजे आणि शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला पाहिजे, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोळाच्या टोकाशी गळून पडते. कोकणातल्या पावसात हा झोळ नसलेल्या पेट्या पहिल्याच आषाढात निकामी होतात.

सरळमार्गी

भावाला अमेरिकेतून पाहण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारी विनंती थेट कॅमेऱ्याकडे पाठवण्याची सोय, करून घ्यावे, असे मी सुचवीन. मी पूर्वी डीव्हीआरसाठी (वायरीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासाठी) तेच करत असे. कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहावे लागत नाही आणि चित्र थेट आपल्या घरातून येते.

सातासमुद्रापार

सरळमार्गी यांच्या सूचनेमागचा विचार मला मान्य आहे, परंतु आज गावाकडच्या जोडणीवर ती बहुधा चालणार नाही. इंटरनेट पुरवठादारांकडे आयपीव्ही४ पत्ते (इंटरनेटवर उपकरण ओळखण्याचे जुन्या पद्धतीचे क्रमांक) अपुरे असल्याने ते अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. मोठ्या सोसायटीला फाटकावर एकच पत्ता असावा आणि आतल्या घरांचे क्रमांक बाहेरच्या पोस्टमनला ठाऊक नसावेत, तसा हा प्रकार आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे पुरवठादाराने राउटरला दिलेला पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर आपण अशाच सामायिक पत्त्यामागे आहात; हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. तिथे आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून येणारी विनंती पुरवठादाराच्या दारातच थांबते. पैसे भरून स्थिर आयपी पत्ता घेण्याचा मार्ग असतो, पण केवळ एवढ्यासाठी तो खर्च मी करणार नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले उघडे पडलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यासाठी त्याला फार हुशारीही लागली नाही. कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या सुमारे साठ जोड्या तो फक्त एकामागून एक वापरून पाहत असे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात याच उपकरणांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीच्या सर्व्हरवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत, परंतु आधीच घरात असलेल्या कॅमेऱ्याला त्याचा उपयोग नाही.

धागाकर्त्यांसाठी सोपा मार्ग असा की, कॅमेरे एकाच खात्यावर ठेवावेत आणि अ‍ॅपमधल्या ‘शेअर’ सोयीने भावाला फक्त पाहण्याची परवानगी द्यावी. खात्याचा पासवर्ड त्याला देऊ नये आणि दोघांनीही द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. खाते उघडताना देश कोणता निवडला होता, हे दोघांनीही पाहून घ्यावे, कारण अनेक अ‍ॅपमध्ये एका प्रदेशातल्या खात्याचा कॅमेरा दुसऱ्या प्रदेशातल्या खात्याशी शेअर होत नाही. माझ्यासारखे परदेशस्थ लोक तिकडून कॅमेरे घेऊन येतात, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेसाठी बनवलेला कॅमेरा २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते ११ एवढेच चॅनेल पाहतो, आणि भारतातला राउटर ‘ऑटो’वर असेल तर १२ किंवा १३ क्रमांकावरही बसू शकतो. तेव्हा कॅमेऱ्याला राउटर दिसतच नाही. राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ वर हाताने पक्का करावा.

आगरवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गावी पोहोचल्यावर आधी राउटर पाहिला. मजल-दरमजल यांनी सांगितल्याप्रमाणे दोन वेगवेगळी नावे होती आणि अ‍ॅप ‘५जी’ असलेलेच नाव भरत होते. ते बदलताच पडवीचा कॅमेरा पहिल्याच खेपेला जोडला गेला. परसात दुपारी ‘नाइट व्हिजन’ चालू केल्याबरोबर कॅमेरा बंद पडला. वायर बोर्डापासून गोठ्यापर्यंत लांबलेली, बारीक यूएसबीचीच निघाली. इलेक्ट्रिशियनने गोठ्यात बोर्ड काढून दिला आहे आणि आता तो कॅमेरा रात्रभर चालू राहतो.

परंतु पडवीतला कॅमेरा माजघरात राउटरशेजारी उत्तम चालला, आणि पडवीच्या खांबावर चढवल्यावर चित्र सारखे अडकू लागले. अ‍ॅपमध्ये सिग्नल उणे ७९ दाखवतो (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). परसातल्याचा उणे ६४ आहे. पडवी तर राउटरपासून अधिक जवळ आहे, मग असे का व्हावे?

चिरेबंदी

अंतरापेक्षा वाटेत काय आहे, याला इथे महत्त्व आहे. जुन्या घरांत माजघर आणि पडवी यांच्यामधली भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, बहुधा हातभर जाडीची असते आणि तिच्यात फार तर एक दरवाजा असतो. परसाच्या बाजूला मात्र खिडकी आणि लाकडी दार असल्याने लहरींना वाट मिळते. शिवाय जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो आणि ओल्या भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कोरड्या भिंतीपेक्षा अधिक क्षीण होतात. आज उणे ७९ असलेला सिग्नल पावसाळ्यात आणखी खाली जाईल, असे धरून चला. चित्रणासाठी साधारण उणे ६७ किंवा त्याहून चांगला सिग्नल असावा. उणे ७५ च्या पलीकडे तुटकपणा सुरू होतो.

आधी फुकटचे उपाय करून पाहा. राउटर जर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे असेल तर तो मोकळ्या जागी, दाराच्या रेषेत आणि माणसाच्या उंचीच्या वर घ्या. २.४ च्या पट्ट्याची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. पडवीला पुढून पत्र्याची शेड काढली असेल तर कॅमेरा पत्र्याला अगदी चिकटवून लावू नका.

तरीही न भागल्यास रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) घेण्याचा मोह होईल, पण तो कुठे बसवला जातो यावर सगळे अवलंबून असते. लोक तो कॅमेऱ्याशेजारी लावतात, आणि मग जो क्षीण सिग्नल कॅमेऱ्याला मिळत होता तोच रिपीटरला मिळतो. रिपीटर भिंतीच्या अलीकडे, दरवाज्यातून पडवी दिसेल अशा जागी हवा. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेगही निम्म्यावर आणतो. एका कॅमेऱ्याला तेवढा पुरेल, कारण १०८० पिक्सेलच्या चित्राला सेकंदाला साधारण दीड-दोन मेगाबिटच लागतात. माझे स्वतःचे मत विचाराल तर मी माळ्यावरून एक लॅन केबल पडवीपर्यंत नेईन आणि तिथे घरात पडून असलेला जुना राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे त्या केबलवरून फक्त वाय-फाय पसरवण्यासाठी, लावीन. त्यातला डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करणे आवश्यक आहे, आणि त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा असला पाहिजे. दोन्ही १९२.१६८.१.१ वर राहिले तर चालू असलेले कॅमेरेही दिसेनासे होतील.

मजल-दरमजल

एनव्हीआरचा विषय राहिला होता. एनव्हीआर विकत घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘ऑनव्हिफ’ किंवा ‘आरटीएसपी’ (कॅमेऱ्याचे चित्र नेटवर्कवरून थेट मागवण्याची पद्धत) यांचा उल्लेख आहे का ते पाहा. ऑनव्हिफ हे २००८ साली अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केलेले सामायिक मानक आहे. ते असेल तर दुसऱ्या कंपनीचा एनव्हीआरही कॅमेरा ओळखतो. बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत ही सोय सहसा नसते, कारण सतत चित्र पाठवत राहिल्यास बॅटरी टिकणार नाही. काही कॅमेऱ्यांत ती असते, पण अ‍ॅपमध्ये जाऊन कॅमेऱ्यासाठी वेगळे नाव आणि पासवर्ड तयार केल्याशिवाय उघडत नाही. आरटीएसपीचा नेहमीचा पोर्ट ५५४ आहे.

कॅमेरा अ‍ॅपमध्ये दिसतो आणि एनव्हीआरला सापडत नाही, अशी तक्रार वारंवार येते. त्याचे कारण बरेचदा गेस्ट नेटवर्क, म्हणजे राउटरने पाहुण्यांसाठी दिलेले वेगळे वाय-फाय, असते. सुरक्षेसाठी कॅमेरे गेस्टवर ठेवणे योग्यच आहे, परंतु त्या नेटवर्कवरील उपकरणांना एकमेकांशी किंवा मुख्य नेटवर्कशी बोलता येत नाही. एनव्हीआर लावायचा असेल तर दोन्ही एकाच नेटवर्कवर आणावे लागतील. राउटरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी पत्ता राखून ठेवा, नाहीतर एखादा दिवस वीज जाऊन आली की पत्ते बदलतील आणि एनव्हीआर रिकाम्या पत्त्यावर चित्र मागत बसेल.

तांब्याची_तार

वीज जाण्याचा उल्लेख आलाच आहे, तर राउटर आणि फायबरचा डबा यांना छोटा यूपीएस जरूर लावा. घेताना दोन्हींच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ व्होल्टचेही आहेत आणि चुकीच्या पिनेत घातल्यास ते जळतात. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल तर इंटरनेट नसतानाही चित्रण चालू राहते. सेकंदाला दीड मेगाबिटच्या अखंड चित्रणाला दिवसाला साधारण १६ गिगाबाइट लागतात, त्यामुळे ६४ गिगाबाइटच्या कार्डात चार दिवसही पुरते मावत नाहीत; फक्त हालचालीचे चित्रण ठेवले तर ते बरेच पुरते. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे घ्या आणि संगणकात न करता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

स्वस्त कॅमेऱ्यांत घड्याळाची बॅटरी नसते, म्हणून वीज आल्यावर इंटरनेट मिळेपर्यंत काही कॅमेरे १९७० ची तारीख टाकतात. हवे असलेले चित्रण सापडत नसेल तर त्या तारखेखालीही एकदा पाहा.

आगरवाट

पडवीपर्यंत लॅन केबल ओढून जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला आहे, सिग्नल आता उणे ५२ आहे. कॅमेरे दोघांही भावांना दिसतात. एकच शंका उरली आहे. पडवीतल्या कॅमेऱ्याचे चित्र रात्री धुक्यातून पाहिल्यासारखे पांढुरके येते आणि हालचालीच्या सूचना रात्रभर सतत येत राहतात. दिवसा चित्र स्वच्छ असते.

चिरेबंदी

कॅमेरा पागोळीखालच्या वाशाला किंवा चुना दिलेल्या भिंतीला फार लागून असणार. अवरक्त प्रकाश जवळच्या पांढऱ्या पृष्ठभागावरून परत भिंगात येतो आणि समोरचे सगळे धूसर होते. कॅमेरा वितभर पुढे घ्या किंवा भिंत चित्राच्या कडेतून बाहेर जाईल इतका वळवा. सूचनांचे कारण बहुधा कोळ्याचे जाळे आणि दिव्यांकडे येणारे किडे हे असते. भिंगाजवळून उडणारा चिलटाएवढा किडाही कॅमेऱ्याला मोठी हालचाल वाटतो. कोरड्या मऊ फडक्याने भिंगाभोवतालची जाळी काढायला घरी सांगून ठेवा, अ‍ॅपमध्ये ‘फक्त माणूस’ ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा, आणि अंगणातला दिवा रात्री चालू राहणारच असेल तर कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे बंद ठेवून एकदा चित्र पाहा. तेवढ्या उजेडात ते बहुधा पुरेसे स्पष्ट येईल.